आत्याची साखर

"तुमच्याआधी एकजण येऊन गेलेत," स्पर्धा आयोगाचा अधिकारी म्हणाला. "शुक्रवारीच."

परिचारिकेच्या नवऱ्याने शेजारी बसलेल्या बायकोकडे वळून पाहिलं. तो सलाइनच्या बाटल्या बनवणाऱ्या कंपनीत विक्री अधिकारी होता आणि त्याचा साडू दुसऱ्या कंपनीत त्याच हुद्द्यावर. बाजारात हाडवैर दाखवायचं आणि महिन्यातून एकदा एकाच टेबलावर जेवताना बाटलीचा भाव ठरवायचा, रुग्णालयं आपसांत वाटून घ्यायची, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा उद्योग. वाढायला दोघी सख्ख्या बहिणी. अळीमिळी गुपचिळी! मोठी, म्हणजे ही परिचारिका, दुसऱ्या दिवशी वॉर्डात तीच बाटली लावायची. भाव ऐकून रोग्याची माणसं खिसे चाचपायची, तेव्हा तिला लाज वाटायची. पण घराचे हप्ते त्याच पैशांतून जात होते, म्हणून तीही गप्प.

बुधवारी आयोगाची माणसं दोन्ही कंपन्यांत धडकली. नियम साधा होता. जो पहिला येऊन सगळं खरं सांगेल त्याला पूर्ण माफी. दुसऱ्याला थोडी सवलत, तीही काही नवं सांगितलं तर. नवरा त्याच संध्याकाळी निघाला होता. तिनेच त्याला अडवलं. "माझ्या बहिणीचं घर बुडवून आपण सुटायचं? मी आधी तिच्याशी बोलते."

धाकटी गळ्यात पडून रडली होती. "ताई, सोमवारी चौघं मिळून जाऊ. जे व्हायचं ते सगळ्यांचंच होईल."

आज सोमवार. ती आणि नवरा आयोगाच्या फाटकापाशी उन्हात ताटकळली. कुणी आलं नाही, फोनही कुणी उचलला नाही, तेव्हा दोघंच आत आली होती.

आता परिचारिकेने बाहेर जाऊन पुन्हा फोन लावला. या वेळी धाकटीने उचलला.

"तूच पाठवलंस त्यांना?"

"हो." पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. "मला दोन पोरं आहेत गं, ताई. तुम्हा दोघांचं काय, कसंही भागेल."

आई गेली तेव्हा धाकटी परकर सांभाळत शाळेत जात होती. तिचं शिक्षण, तिचं लग्न उरकेपर्यंत मोठीने स्वतःचं लग्न लांबवलं. मग मूलबाळ झालंच नाही.

"मलाही एक होती," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

ती आत आली तेव्हा अधिकारी नवऱ्याला विचारत होता, "तुमच्यात सामील असलेल्या तिसऱ्या कंपनीला भाव कोण कळवायचं? पहिल्या अर्जदाराने ठाऊक नाही म्हणून सांगितलंय. तुम्ही सांगितलंत तर तुमचा दंड निम्मा होईल. त्यांनी लपवलं असेल तर त्यांची माफी रद्द."

कळवायची धाकटी. जेवणं झाली की शेजारणीच्या फोनवरून तिसऱ्या कंपनीच्या साहेबाला सांगायची, "आत्याची साखर एकशे दहा आली." म्हणजे बाटली एकशे दहाला. आत्या केव्हाच वारली होती. साखर मात्र दर वर्षी वाढत होती. या विनोदावर चौघंही पोट धरून हसायची.

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. नोकरी तर गेलीच होती, पूर्ण दंड भरायचा तर घरही जाणार होतं. "बैठका आमच्या घरी व्हायच्या," तो हळूच म्हणाला. "हिला विचारा."

एवढा राग तिला आयुष्यात कुणाचा आला नव्हता. धाकटीचं नाव अगदी ओठांवर होतं.

"मला ठाऊक नाही," ती म्हणाली.

"बाई, नीट विचार करा."

"केला."

अधिकाऱ्याने फाइल मिटली. दोघं बाहेर पडली. तिचे गुडघे दुखायचे, म्हणून नवरा जिना उतरताना वळणावळणावर तिच्यासाठी थांबायचा. आज तो सरळ उतरत गेला. वरच्या पायरीवरून तिने त्याच्या चपलांचा आवाज फाटकापर्यंत ऐकला, मग कठडा धरून एकेक पायरी उतरू लागली.