चौथ्या ओळीतलं नाव

फॉर्म परत आला मंगळवारी, तोही लाल शाईचा गोल करून. कॉलेजच्या फी-सवलतीचा फॉर्म. सोळा पानं, झेरॉक्सची चळत, वर दोघांच्या कमाईचे दाखले. लिफ्टवाल्यानं आणि त्याच्या बायकोनं तीन रविवार खर्ची घालून तो भरला होता, आणि भरताना दोघांचं इतकं वाजलं होतं की धाकटी शेवटी कानांत बोळे घालून अभ्यासाला बसली. एवढी सोळा पानं, आणि चूक निघाली ती एकाच जागी. तिसऱ्या पानावर 'कुटुंबातील सदस्य' असा तक्ता होता, त्याच्या चौथ्या ओळीत.

पहिल्या ओळीत बाप, काम लिफ्टदुरुस्ती. दुसरीत आई, नोकरी हॉस्पिटलच्या धोबीखान्यात. तिसरीत धाकटी, जिला इमारतींचे नकाशे काढायला शिकवणाऱ्या कॉलेजात जागा मिळाली होती आणि जिच्यासाठी हा सगळा खटाटोप चालला होता. चौथ्या ओळीत थोरला. त्याचं नाव, वय, आणि 'सध्या राहण्याचे ठिकाण' या रकान्यात आईनं वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'घरी'. कमाईचा रकाना कोरा, सहीची जागाही कोरी.

आता थोरला घरी नव्हता. चांगली चार वर्षं नव्हता. हे त्याच्या आईला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे?

सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, की या चौथ्या इसमाची सही आणि पगारपत्रक जोडा. नाहीतर त्याचं नाव खोडा, आणि 'सदर व्यक्ती आमच्या कुटुंबाचा भाग नाही' या वाक्याखाली आईबाप दोघांनी सह्या करा. शुक्रवारी चार वाजेपर्यंत. त्यानंतर सवलत नाही, आणि सवलत नाही म्हणजे जागा नाही, कारण तेवढी फी भरायची या घराची ऐपत नाही हे उरलेल्या पंधरा पानांत सविस्तर लिहिलेलंच होतं.

लिफ्टवाला म्हणाला, त्यात काय, एक रेघ तर मारायचीय. बोलता बोलता त्यानं खिशातलं पेनही काढलं. बायको घरच्या चादरींच्या घड्या घालत होती. दिवसभर हॉस्पिटलच्या चादरी घडी करून आली तरी घरच्याही तितक्याच कोन जुळवून घालायची. तिनं हातातली घडी पूर्ण केली, थापटली, आणि मगच बोलली.

"रेघ तुम्ही मारा. खाली सही मी करणार नाही."

लिफ्टवाल्यानं आवाज चढवला. लेकीच्या आयुष्याचा प्रश्न आहे, हा काय हट्टाचा वेळ आहे का, वगैरे. बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हट्ट? तुमच्या हट्टापायी तो घरातून गेला. आता कागदावरूनही घालवू?"

पेन परत खिशात गेलं.

तिचं खोटं नव्हतं. चार वर्षांपूर्वी याच घरात असाच फॉर्म आला होता. थोरल्याला यंत्रांच्या कॉलेजात जागा मिळाली होती. घरात त्याला 'वकील' म्हणत, कारण पोरगं बसच्या तिकिटामागचे नियमसुद्धा वाचून काढायचं आणि कंडक्टरशी वाद घालायचं. तो फॉर्म त्यानं एकट्यानं भरला. फक्त बापाची सही राहिली होती. आणि बापानं तो कागद हातानं बाजूला सारला. म्हणाला, माझे हातपाय धड आहेत, मी कुणापुढे हात पसरणार नाही, तुझी फी मी जादा काम करून उभी करतो. राबलाही बिचारा. रविवारी सुट्टी न घेता लिफ्टच्या खड्ड्यांत उतरला, ग्रीसनं नखं काळी करून घेतली. पण जमलं नाही. तारीख टळली, जागा दुसऱ्या कुणाला गेली. थोरला भांडला असता तर बरं झालं असतं. तो भांडला नाही. दोन महिन्यांनी एक पिशवी घेऊन निघाला, आईच्या पाया पडला, आणि बाप कामावरून यायच्या आत गेला.

पहिलं वर्षभर आईला फोन यायचा. बरा आहे, जेवलो, ठेवतो. मग नंबर बदलला. आता धाकटीच्या वाढदिवसाला तिला एक निरोप येई, तेवढंच.

लिफ्टवाला याविषयी कधी चकार शब्द काढायचा नाही. पण त्याची एक खोड होती, ती बायकोलासुद्धा माहीत नव्हती. घर पाचव्या मजल्यावर. इमारतीची लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची, आणि तिचा आवाज त्याला आपल्या श्वासाइतका ओळखीचा. जड माणूस चढला की दोर कसा कुरकुरतो, घाईचा माणूस दार कसं आपटतो, हे तो घरात बसून ओळखायचा. सगळं जग दार एकदा ओढतं. थोरला दोनदा ओढायचा. एकदा लावण्यासाठी आणि एकदा लागलंय की नाही ते बघण्यासाठी. बापानंच शिकवलं होतं, डोळ्यांवर भरवसा ठेवू नकोस, ओढून बघ. चार वर्षं रोज संध्याकाळी लिफ्ट पाचव्यावर थांबली की लिफ्टवाल्याचं बोलणं मध्येच तुटायचं. दार एकदा वाजायचं. तो दुसऱ्या आवाजाची वाट बघायचा. मग पुढचं बोलायचा.

बुधवारी धाकटीनं वाढदिवसाच्या एका निरोपात भावानं कळवलेला पत्ता कागदावर लिहून बापापुढे ठेवला. पाच तासांच्या अंतरावर कुठल्याशा शहरात फळांचं शीतगृह होतं, तिथे तो कामाला होता. पोस्टानं कागद जाऊन यायला आठवडा लागला असता. लिफ्टवाला बायकोला म्हणाला, तू जा, तुझं ऐकेल. ती म्हणाली, मी गेले तर सही मिळेल हो, पण तुम्हा दोघांमधलं तसंच राहील. तिनं डबा भरून दिला, एकाच्या जागी दोघांचा.

गुरुवारी पहाटेच्या बसनं तो निघाला. वाटभर त्यानं मनात वाक्यं जुळवली. आधी तब्येत विचारायची, मग कागद काढायचा. जुन्या गोष्टी नकोत. मग वाटलं, जुन्या गोष्टी काढल्या नाहीत तर नव्या कुठल्या काढणार? चार वर्षांत दोघांमध्ये नवं असं काही झालंच नव्हतं.

शीतगृहाच्या आवारात पेट्यांचे ढीग होते आणि सगळीकडे पिकल्या फळांचा वास. जाड कोट घातलेली चार-पाच माणसं ये-जा करत होती. सगळ्यांच्या टोप्या कानांपर्यंत ओढलेल्या, कोण कोणता कळेना. लिफ्टवाला भिंतीशी उभा राहिला. एवढ्यात पाठमोऱ्या एका माणसानं हातभर जाडीचं दार दोन्ही हातांनी लोटून लावलं. दोन पावलं चालला, परत वळला, आणि मुठीला धरून एकदा ओढून बघितलं.

लिफ्टवाला भिंतीपासून दोन पावलं पुढे झाला. पोरानं वळून पाहिलं.

"बाबा, तुम्ही? आई बरी आहे ना?"

सगळे बरे आहेत म्हटल्यावर त्याचा चेहरा पुन्हा मिटला. दोघं कामगारांच्या जेवणाच्या खोलीत बाकावर बसले. लिफ्टवाल्यानं बस कशी उशिरा सुटली, रस्ता किती खराब, शेजारचा प्रवासी कसा घोरत होता, सगळं सांगितलं. जुळवून आणलेल्यातलं एक वाक्य तोंडातून निघेल तर शपथ. थोरला ऐकत नव्हताच. तो फॉर्म वाचत होता, पहिल्या पानापासून, बोट ओळीवर ठेवून, अगदी पूर्वीसारखा. तिसऱ्या पानाशी थांबला. 'घरी' या शब्दाखाली त्याचं बोट बराच वेळ तसंच राहिलं. आईचं अक्षर का, असं त्यानं विचारलं, जसं काही त्याला ओळखू आलं नव्हतं.

मग तो पुढे वाचत गेला आणि चौदाव्या पानावरच्या बारीक अक्षरांपाशी पुन्हा थांबला. नियम वाचलेत का, असं त्यानं बापाला विचारलं. बापानं मान हलवली. ती मुंग्यांची रांग कोण वाचणार? थोरल्यानं समजावून सांगितलं, की तक्त्यात नाव असलेल्या प्रत्येकाची कमाई, तो कुठेही राहत असला तरी, एकत्र धरतात. त्याचा पगार धरला तर बेरीज मर्यादेच्या वर जाते आणि धाकटीची सवलत जाते. सही नाही, पगारपत्रक नाही, नाव खोडायलाच हवं. बापानं चाचरत पगार विचारला. पोरानं सांगितला. कॉम्प्रेसरची सगळी जबाबदारी त्याच्याकडे होती आता, आणि पगार बापापेक्षा जास्त होता. लिफ्टवाल्याचा ऊर भरून आला, आणि त्याच वेळी मान खाली गेली.

थोरल्यानं पेन मागितलं. लिफ्टवाल्यानं पेन दिलं नाही. उलट कागदावर पंजा ठेवला, नेमका त्या ओळीवर. मंगळवारी जी एक रेघ वाटली होती ती आता त्याला बघवेना. इतक्या लांब तो पोराला ओळीत ठेवायला आला होता, खोडायला नव्हे.

"त्या वर्षी मी सही करायला हवी होती," तो म्हणाला. "चुकलो मी."

थोरला म्हणाला, "मी रोज सकाळी तो फॉर्म तुमच्या डब्याखाली ठेवायचो. वाटायचं, आज तरी कराल."

"माहीत आहे. रोज काढून कपाटावर ठेवायचो मी."

एवढंच बोलणं झालं. दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं आणि दोघंही डबा उघडण्यात गुंतल्यासारखं करत होते. जेवण झालं. थोरल्यानं डब्याचं झाकण चाटूनपुसून स्वच्छ केलं, तेव्हा बापाला थोडं हसू आलं. मग बापाचा हात हळूच बाजूला करून त्यानं चौथ्या ओळीवर एक रेघ मारली, इतकी बारीक की खालचं नाव सहज वाचता यावं, आणि शेजारी आपली सही केली.

बसथांब्यापर्यंत तो सोबत आला. बस हलता हलता खिडकीशी येऊन एक निरोप त्यानं आईसाठी दिला. लिफ्टवाल्यानं तो निरोप पाच तास मनात घोकला, एखादा शब्द वाटेत सांडू नये म्हणून. रात्री घरी पोचला तेव्हा बायको कामाच्या पाळीवर गेलेली होती.

शुक्रवारी ती लागोपाठची दिवसपाळीही संपवून परस्पर कॉलेजच्या ऑफिसात आली. साडेतीन वाजले होते. खिडकीवरच्या बाईंनी फॉर्म पुढे सरकवला आणि त्या वाक्याखाली सही करायला सांगितलं. लिफ्टवाल्यानं आपली सही केली. बायकोनं आधी तिसरं पान उघडलं. रेघ पाहिली, शेजारची सही पाहिली, तिच्यावरून अंगठा फिरवला.

"त्यानं स्वतः खोडलं?"

लिफ्टवाल्यानं नियम समजावून सांगितला. बेरीज, मर्यादा, धाकटीची सवलत. तिला कळत होतं सगळं, पण पेन हातात घेईना. रांगेतली माणसं चुळबुळ करायला लागली. खिडकीवरच्या बाईंनी घड्याळाकडे बोट दाखवलं आणि वर सुनावलं, की हे प्रकरण दरवर्षी असतं, दरवर्षी नव्यानं फॉर्म भरायचा, आत्तापासून सवय करा.

"ऐक," लिफ्टवाला म्हणाला, "त्याचा निरोप आहे. शब्द त्याचे आहेत, माझा एक नाही. आईला सांगा, पुढच्या वर्षीही माझं नाव लिही म्हणावं. मी येऊन खोडतो."

तिनं पानावरची मान वर केली. "येऊन म्हणाला? पाठवा असं नाही ना म्हणाला?"

"येऊन म्हणाला. दोनदा विचारून घेतलं मी."

तिनं पेन उचललं आणि सही केली. चार वाजायला दहा मिनिटं होती. शिक्का बसला, पावती मिळाली. मग खिडकीत वाकून तिनं विचारलं, की पुढच्या वर्षीचा फॉर्म आत्ता मिळेल का. बाई आधी हसल्या, मग म्हणाल्या की फॉर्म तोच असतो, वरचं साल तेवढं बदलतं, आणि एक कोरा गठ्ठा काढून दिला.

बाहेर व्हरांड्यात बाक होता. लिफ्टवाल्याला वाटलं, दमलीय, टेकेल जरा. तिनं मांडीवर गठ्ठा घेऊन तिसरं पान काढलं. पहिल्या तीन ओळी सोडल्या आणि चौथ्या ओळीत थोरल्याचं नाव लिहिलं. पुढच्या रकान्याशी थांबली. 'सध्या राहण्याचे ठिकाण'. काय लिहू, असं तिनं नवऱ्याला विचारलं.

तो तिच्या शेजारी बसला. "गेल्या वेळी लिहिलंस तेच लिही."

तिनं ते लिहिलं. मग वय लिहिलं, एक वर्ष वाढवून.