वाऱ्याखालची जागा

बी.ए.ला 'नागरी व्यवहार' नावाचा विषय असतो हे माझ्या वस्तीला पटवताना मला जेवढा घाम फुटला, तेवढा पुढं परीक्षेतही फुटला नाही. पुण्यातल्या आमच्या कॉलेजात तो नुकताच निघाला होता. वर्गात मोजकी पोरं, त्यातली निम्मी अर्थशास्त्राला जागा मिळाली नाही म्हणून आलेली. मी मात्र हौसेनं घेतला होता. शहराला पाणी कुठून येतं, घाण कुठं जाते, कुणाचं घर कुठं असावं हे कोण ठरवतं, असलं सगळं त्यात होतं. वस्तीतल्या गेनबाकाकांनी विचारलं, "म्हंजी पास झाल्यावर तू कोन हुनार? मुकादम?"

आईनं परस्पर उत्तर दिलं, "घान कुठं टाकायची त्ये ठरीवनार हाय माझा आनंदा. लई मोठं काम हाय त्ये."

आईला त्या विषयातलं तेवढंच कळलं होतं, आणि खरं तर मलाही तो तेवढ्याचसाठी हवा होता.

गावाचं नाव सांगत नाही. किकवीला एसटीतून उतरलं की पायी अर्ध्या तासाची वाट आहे, बस. भोर तालुक्यातलं कुठलंही नाव घाला, फार बिघडणार नाही. पश्चिमेला गाव, मधे ओढा आणि ओढ्याच्या पूर्वेला आमची बौद्धवस्ती. आमच्या लोकांनी धम्म घेतला आणि मेलेली जनावरं ओढायचं काम सोडलं. तोवर आमचीच माणसं ती लांब उत्तरेच्या खडकाळ माळावर नेत. सोडलं म्हणताच गावाला राग आला. आता ज्याचं जनावर त्यानंच ओढायचं आलं, आणि या ओढणाऱ्यांचे हात नेमके ओढ्याशी आले की भरून यायचे. ओढा ओलांडून आमच्या काठाला टाकण्याइतकं बळ मात्र त्यांच्यात उरायचं.

बहात्तरच्या दुष्काळात तर विचारू नका. गिधाडं आमच्या छपरांवर बसायची. आई नाकावर पदर बांधून भाकऱ्या थापायची. वस्तीतली पोरं घास तोंडात असताना ओकायची, आणि मग त्यांना जेव म्हणायची कुणाची छाती व्हायची नाही. वडील खडकीला कारखान्यात होते, ते सुट्टीला यायचे आणि दुसऱ्याच दिवशी परत जायचं बोलायला लागायचे. पंचायतीत तोंडी सांगून झालं, लेखी सांगून झालं. सरपंच साहेबराव हसून म्हणायचे, "वास काय आमी सोडतोय व्हय? वारा सोडतोय."

तिसऱ्या वर्षाला खांबेटे सरांनी प्रात्यक्षिक काढलं. हमरस्त्याजवळचं एखादं गाव घ्यायचं, वीस वर्षांनी त्याचं नगर होणार असं धरायचं आणि त्याचा आराखडा करायचा. शाळा कुठं, बाजार कुठं, घाण कुठं. मी बाकावरून जवळजवळ उडीच मारली. आमचं गाव घ्या, सर. सरांना जाण्यायेण्याची सोय पटली. साहेबरावांना जाऊन भेटलो, तर तेही खूश. कॉलेजची माणसं गावात येणार म्हणजे शान झाली. चारचौघांत त्यांनी शब्द दिला, "कालेज जी जागा सांगंल ती आमी धरू. जनावराची जागा बी त्येच ठरवू द्यात. मग तर झालं?"

झालंच होतं. मी त्या संध्याकाळी वस्तीवर आलो तो जणू ओढा साफ करूनच. कुठलाही शहाणा माणूस नकाशा बघेल आणि उत्तरेच्या माळावर बोट ठेवेल, तिथं चिटपाखरू राहत नाही, एवढं साधं गणित होतं. कॉलेज शहाण्या माणसांचं असतं अशी माझी तेव्हा समजूत होती.

वर्ग आला. सकाळभर आम्ही गावात साखळ्या टाकून मोजमापं घेतली. दुपारी साहेबरावांच्या ओसरीवर पंगत मांडली होती. मी चपला काढत होतो तेवढ्यात साहेबराव जवळ आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मायेनं म्हणाले, "आनंदा, आरं तू तर घरचाच. साळूबाई वाट बगत आसंल. आईच्या हातचं सोडून हितं कशाला बसतूस?"

"किती समजूतदार माणसं आहेत," सर मधूला म्हणाले. मधू भोरच्या वकिलांचा मुलगा, माझा वर्गातला जवळचा मित्र. त्याला कळलं असावं, कारण तो पानातल्या मिठाकडं बघत बसला. शहरात माणसाला सरळ हाकलतात. आमच्याकडं त्याच्याच आईची माया पुढं करून हाकलतात आणि वर त्यानं आभार मानायचे. मी चपला पुन्हा पायात घातल्या.

घरी आईनं भाकरी ठेवलीच नव्हती. मी वर्गाबरोबर जेवणार हे तिनं धरलेलं. तिनं सगळ्या वस्तीतून कपबशा गोळा केल्या होत्या, वर्ग चहाला येणार म्हणून.

"जेवला न्हाईस?"

"तू वाट बघत असशील म्हणाले."

तिनं परातीत पीठ ओढलं आणि नाकावर पदर बांधला, कारण आमच्या काठाला आठवडाभरापासून म्हैस पडली होती.

उन्हं कलल्यावर सर वर्ग घेऊन ओढ्याकडं आले. गावच्या काठाला उभे राहिले तोवर सगळे निवांत होते. मग ओढा ओलांडून आमच्या काठाला आले आणि वासानं त्यांना थोबाडलं. म्हशीचं पोट फुटलं होतं, आत कुत्री तोंड घालत होती. सरांनी रुमालावर अत्तर शिंपडून तो नाकाला लावला. शैलजा नावाची सदाशिव पेठेतली मुलगी वळून भडभडा ओकली. आईनं धावत जाऊन तिला तांब्या दिला, तिनं चूळ भरली, मग तेच पाणी घटाघटा प्यायली. सरांनी रुमालाआडून विचारलं, "पाणी उकळलेलं आहे ना?"

मला वाटलं, आता कळलं यांना. आणखी काही सांगायची गरज नाही.

सर म्हणाले, "लक्षात आलं का? त्या काठाला वास नाही, या काठाला आहे. म्हणजे इथला प्रमुख वारा पश्चिमेचा. पुस्तकात वाचून जे डोक्यात शिरत नाही ते इथं एका श्वासात शिरतं. लिहून घ्या."

पोरांनी लिहून घेतलं. आई दारात किटली घेऊन उभी होती. सर म्हणाले, "वेळ नाही हो बाई, पुन्हा कधीतरी," आणि सगळे झपाझप पलीकडच्या काठाला गेले. कपबशा आईनं न वापरताच धुतल्या. का धुतल्या म्हणून विचारलं तर म्हणाली, "वास बसला आसंल त्येंला."

पंधरवड्यानं कॉलेजात आराखडा तयार झाला. भिंतीवर रंगीत नकाशा. शाळा हिरवी, बाजार तांबडा, घरं पिवळी. आणि ओढ्याच्या पूर्व काठाला एक काळं वर्तुळ. खाली लिहिलं होतं, 'मृत जनावरे व खत टाकण्याची कायम जागा.'

आधी वाटलं, काढणाऱ्यानं उलटं धरून काढलं असेल.

"सर, इथं आमची घरं आहेत."

"कुठं?" सरांनी चष्मा लावून पाहिलं. नकाशात तिथं पांढरं होतं. "गावठाणाची हद्द ओढ्याशी संपते, आनंद. आपण गावठाण रंगवलं. तुमची घरं पुढंमागं हलवता येतील. आराखडा वीस वर्षांचा आहे."

"आणि जनावराची जागा हलवता येत नाही?"

"ती प्रस्थापित आहे."

मी उत्तरेच्या माळाचं सांगितलं. ओढण्याचं अंतर वाढतं, असं उत्तर मिळालं. म्हटलं, आमची माणसं वर्षानुवर्षं तेवढं ओढतच होती की. सरांचा चेहरा उजळला. "अगदी बरोबर! पूर्वी मनुष्यबळ होतं, आता नाही. हा मुद्दा तू टिपणात घाल." मग ते वर्गाकडं वळले. घाण नेहमी वाऱ्याखाली ठेवावी हे तत्त्व परदेशात अलीकडं कळलं, पण आपल्या पूर्वजांनी खेडोपाडी गावाची रचना त्याच शास्त्रानं केली होती, कुठलंही गाव उघडून बघा, असं त्यांनी सांगितलं. पोरांनी तेही लिहून घेतलं.

त्या क्षणी मला जी किळस आली ती म्हशीचीही कधी आली नव्हती. म्हैस बिचारी मेल्यावर नासते. हा माणूस जिवंत होता, इस्त्रीचा सदरा घालून होता, आणि आमच्या नाकातोंडात शिरणारी घाण त्याला शास्त्र म्हणून शोभत होती. आजवर साहेबराव दांडगाई करत होते, आणि दांडगाईला निदान शिव्या तरी घालता येतात. आता तिच्यावर कॉलेजचा शिक्का बसणार होता, तोही मी बोलावून आणलेल्या कॉलेजचा.

बाहेर आल्यावर मधू म्हणाला, "वैयक्तिक घेऊ नकोस रे. तत्त्व आहे ते."

"तत्त्वाच्या घरी तू एक दिवस जेवून दाखव," मी म्हणालो.

आराखडा गावापुढं वाचायचा होता. सरांनी ठरवलं की गावचा मुलगा म्हणून मी वाचायचा. मी नाही म्हणालो. सर रागावले नाहीत, उलट समजावलं. निम्मे गुण वाचनाला आहेत, ते गेले तर वर्ष गेलं, वर्ष गेलं तर शिष्यवृत्ती गेली, पदवी तुझ्या हातात आहे. हे सगळं ते इतक्या आपुलकीनं बोलले की मला साहेबरावांची ओसरी आठवली.

ठरल्या दिवशी चावडीपुढं गाव जमलं. वर्गातून सर, मधू आणि मी. आमची वस्तीही आली होती, कडेला उभी. आईनं ठेवणीतलं लुगडं नेसलेलं. आराखड्यात काय आहे ते मी तिला सांगितलं नव्हतं. माझ्या तोंडून ते निघेना, एवढंच. तिला वाटत होतं, आज ओढा सुटणार.

मी वाचायला लागलो. शाळा, बाजार, एसटीचा थांबा. माना डोलत होत्या. काळ्या वर्तुळाशी आलो आणि थांबलो. कागद सरांपुढं धरला.

"हे तुम्ही वाचा, सर. मी वाचणार नाही."

"आनंद, गुण..."

"राहू देत गुण."

सरांनी खाकरून वाचलं. प्रमुख वारा, पूर्व काठ, कायम जागा. साहेबरावांनी लगेच हात वर केला, "मंजूर! कालेजच्या शब्दाम्होरं आपुन कोन?" गावाचे हात वर गेले. आई दोन पावलं पुढं आली आणि मला विचारलं, "म्हंजी कुठं रं?"

"आहे तिथंच, आये. आता कायमची."

ती सरांकडं वळली. मग सावकाश म्हणाली, "गावाची घान आमच्याकडं यावी, आमचा वारा गावाकडं जाऊ नये. ह्ये तर माझ्या आडानी सासऱ्याला बी ठावं हुतं, सायब. येवढं कळाया पुन्यात कालेज काडावं लागलं व्हय?"

सरांना उपहास कळला नाही, की कळून घ्यायचा नव्हता, देव जाणे. त्यांनी समाधानानं मान हलवली. "बघा, स्थानिक लोकांना तत्त्व माहीत असतं. मधू, लिहून घे. रहिवाशांना ही जागा पूर्वीपासून ठाऊक आणि मान्य आहे."

मधूनं पेन उघडलं.

"काय लिवत्यात?" आईनं मला विचारलं.

"तुला मान्य आहे असं लिहितायत."

आई चावडीच्या पायरीपाशी येऊन तोंडभर थुंकली. सरांनी पाय मागं घेतला. "ए साळू!" साहेबराव ओरडले. "चावडी हाय ही! डोकंबिकं फिरलं का?"

"घान वाटली म्हून थुकले," आई म्हणाली, आणि मधूकडं वळली. "त्ये बी लिव, बाळा."

मधूचं पेन कागदावर टेकून राहिलं. तो माझ्याकडं बघायला लागला.

"लिही की," मी म्हणालो.