आमच्या मास्तरांचं वाटप

माझा नवरा ओचेरे जन्मभर आमच्या कुमासी शहरातल्या विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवत होता. मी त्यांना मास्तर म्हणायची. आधी चिडवायला, मग सवयीने. मन म्हणजे मेंदूचं काम, मेंदू थांबला की माणूस संपला, पुढे कोणी उरत नाही, हे ते वर्गात शिकवायचे, फुफूचे गोळे रश्शात बुडवून खाताना शिकवायचे, आणि मी बाजारातून कापडाचं दुकान आवरून दमून आले की मलाही शिकवायचे. मी रविवारी चर्चला जाणारी आणि घरी पूर्वजांसाठी घोटभर दारू जमिनीवर ओतणारी बाई. माझी त्यांना फार कीव यायची.

दवाखान्यात शेवटी शेवटी त्यांनी माझा हात धरला. "आफुआ, माझा तमाशा करू नका. देह मेडिकलच्या पोरांना द्या, निदान त्यांच्या उपयोगी पडेन. शब्द दे."

मी दिला. त्या वेळी त्यांनी काहीही मागितलं असतं तरी दिलं असतं.

पण आमच्यात मेलेला माणूस बायकोचा नसतो, पोरांचाही नसतो. तो त्याच्या आईच्या घराण्याचा. घराण्याने मास्तरांना शवागारात ठेवलं आणि गावच्या घराला रंग द्यायला घेतला. ते हयात असताना त्या घराचं गळकं छप्पर कोणी बघितलं नव्हतं. आता पाहुणे येणार म्हणून भिंतींना रंगाचे दोन दोन हात बसले.

घराण्याचे प्रमुख म्हणजे मास्तरांचे मामा, नाना बोसोम्पेम. रिकाम्या हाती जायचं नसतं म्हणून श्नॅप्स दारूची बाटली घेऊन मी त्यांच्याकडे गेले. माझी नणंद पोकुआ तिथेच बसलेली होती.

"नाना, मास्तरांनी देहदान करायला सांगितलंय. मी शब्द दिलाय."

"कोणाचा देह?"

"त्यांचा."

"सूनबाई, नीट ऐक. रक्त आईचं, म्हणजे आमचं. देह रक्ताचा, म्हणजे तोही आमचा. अंगातलं तेज बापाचं, ते त्या बाजूला गेलं. प्राण देवाचा, तो देवाने परत नेला. आता यात ओचेरेचं स्वतःचं काय उरलं, जे तो दान करायला निघालाय?"

"आणि माझ्या वाट्याला काय?"

"रडणं," पोकुआ म्हणाली. "आणि वहिनी, चटई, उशी, साबण, अंग घासायचा काथ्या. तिकडच्या प्रवासाचं सामान बायकोनेच द्यायचं असतं. साबण जरा बरा आणा हं. हलक्या साबणाने दादाला खाज सुटायची."

माझं डोकंच फिरलं. "अहो, पण त्यांची इच्छा होती! मरणाऱ्याच्या इच्छेला काही किंमत आहे की नाही?"

नानांनी शांतपणे बाटली जवळ ओढली. "मेल्यावर कोणी उरत नाही, असंच म्हणायचा ना तो?"

"हो."

"मग तू शब्द मोडलास तर वाईट कोणाला वाटणार? जो नाहीच, त्याला? आणि तो असेलच, आपल्या आईजवळ जाऊन बसला असेल, तर स्वतःची चूक त्याला कळलीच असेल. आता तोच म्हणत असेल, मामा, मला नीट पोचवा."

जन्मभर मास्तरांनी मला वादात हरवलं होतं. आता त्यांचंच म्हणणं वापरून नानांनी हरवलं. मला दोघांचाही राग आला.

शनिवारी अंत्यविधी झाला. मास्तरांना आडवं ठेवलंच नव्हतं. डोळ्यांवर चष्मा, हातात खडू, मागे फळा, असं खुर्चीत बसवलं होतं. जिवंतपणी त्यांच्या तासाला एवढी गर्दी कधी झाली नव्हती.

काळ्या-तांबड्या कपड्यांतली माणसं रांगेने येऊन त्यांच्या कानात आपापल्या मेलेल्यांसाठी निरोप सांगत होती. कोणी आजीला, कोणी गेलेल्या लेकराला. नानांनी आपल्या वारलेल्या बहिणीला सांगून धाडलं की तुझ्या पोराला आम्ही थाटात पाठवलंय. मग मास्तरांच्या विभागातले एक प्राध्यापक आले. आत्म्यावर बोलणाऱ्यांची ते मास्तरांच्या बरोबरीने टर उडवायचे. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, खाली वाकले आणि हळूच म्हणाले, "भेटू, सर."

माझी पाळी आली. सामान त्यांच्या पायाशी ठेवलं आणि कानाशी वाकले. अंग बर्फासारखं गार होतं.

"मास्तर, मी शब्द पाळला नाही. नाना म्हणतात, तुम्हाला वाईट वाटणार नाही, कारण तुम्ही नाहीच. तुम्हीही हेच सांगत आलात. आज एकदा तरी चुकीचे ठरा. कुठे असाल तिथून माझ्यावर चिडा. खूप चिडा."

मग मी माझा कान त्यांच्या तोंडाशी नेला. मागे रांग खोळंबली, पोकुआने दोनदा पदर ओढला, तरी मी तिथून हलले नाही.