घळीकाठची ओळ

हिंगण्याच्या पुढं आमची संत्र्याची बाग आहे, अन् बागेले लागून घळ. दर पावसाळ्यात काठ ढासळतो अन् घळ जराशी आत सरकते. आमचे हे, रुपराव, दरवर्षी तिच्यात दगड भरतात. टोपलं कोणाच्या डोक्यावर? माझ्या! कंबर कामातून गेली, पण त्या घळीचं पोट काही भरत नाही. पावसाचं पाणी अडवाले बांध घातला, गवत लावलं. ती आपली खाऊनच राहिली.

काठावरची ओळ यांनी जितेंद्र पोटात होता तेव्हा लावली. आता पोरगा बुटीबोरीले कंपनीत जाते, अन् यांचा जीव अजून त्याच झाडांत अडकला आहे.

यंदा जानेवारीत ताण तोडला. म्हणजे संत्र्याचं पाणी बंद ठेवून झाडाले उपाशी मारायचं, अन् मग एकदम पोटभर पाजायचं, का फुलोरा येते. इकडे सगळेच करतात. ताणात काळी जमीन अशी फाटते का भेगेत पाय जाईल. काठाच्या ओळीत पाणी सोडलं, तं ते पुढं सरकेच ना.

"जमीन तहानली वं," हे खुश होऊन म्हणाले.

"सकाळपासून मोटर सुरू आहे जी! किती पिईन ते?"

तेवढ्यात आमची शेळी घळीत उतरली. तिच्यामागं मी गेली, अन् पाहते तं काय! काळी माती संपून खालची पांढरी लागते, तिथून गढूळ पाणी भळभळ वाहून राहिलं. आभाळात ढग नाही. हात घातला, तं खांद्यापर्यंत आत गेला. सारं पोकळ! पांढरी माती बोटात साखरेसारखी विरघळत होती. माय वं! इतके वर्ष मी पावसाले शिव्या दिल्या, अन् भेगांतून उतरून आमचंच पाणी जमीन पोखरत होतं.

"अहो, या इकडं! हात घाला इथं!"

यांनी हात घातला, बाहेर काढला, अन् तिथंच बसले.

"आता तरी बोला ना! दगड वाहू वाहू मेली मी!"

"पाणी दिलं तं जमीन जाते," हे हळूच म्हणाले. "नाही दिलं तं झाडं जातात. बंद कर मोटर."

बंद केली. पण त्या एका पाण्यावरही ओळ फुलली. पांढरीशुभ्र. वास घरापर्यंत येत होता. मग पानं सुकाले लागली. एका सकाळी यांनी कुऱ्हाड काढली.

"वजनानं काठ ढासळते. खोडं तोडू, मुळं राहू दे. तेवढी माती धरून ठेवतीन."

माझ्यात रागावाचंही त्राण नव्हतं. हे तोडत गेले, मी फांद्या ओढत गेली. फुलांवर मधमाश्या होत्याच. शेवटच्या झाडापाशी यांनी कुऱ्हाड माझ्या हातात दिली.

"हे तू तोड वं. माझ्यानं होत नाही."

मी तोडलं.