ताठ हातांचं शास्त्र

आमचे जावईबापू शाळेत विज्ञान शिकवतात आणि संध्याकाळी पोरींना फुटबॉल. माझी नात, म्हणजे त्यांचीच लेक, गोलकीपर. संघाची निवड दोन दिवसांवर आली आणि पोरीची बोटं सुजून गाजरासारखी झाली. चेंडू हातावर आदळायचा नि उडून जायचा.

"हात भिंतीसारखे ताठ ठेव!" बापू ओरडत होते.

मी म्हटलं, "भिंतीला चेंडू चिकटलेला कधी पाहिलाय का, जावईबापू?"

"आई, हे शास्त्र आहे. तुम्हाला नाही कळायचं."

शास्त्र! आदल्याच दिवशी बापूंनी पोरीकडून वहीतलं पाठ करून घेतलं होतं: थांबायला वेळ जास्त मिळाला की धक्का कमी बसतो. भाजी निवडता निवडता मला कळलं, शिकवणाऱ्याला मात्र नाही. इमारतींच्या कामावर सतरा वर्षं विटा झेलल्यात मी. खालून गडी फेकायचा, मी पहिल्या मजल्यावर झेलायची. वीट हाताला लागली की हात तिच्याबरोबर मागे न्यायचे, पार पोटापर्यंत. ताठ धरले की बोट गेलंच. माझी दहाही शाबूत आहेत, मोजून घ्या.

त्याच संध्याकाळी अंगणात, बापूंच्या डोळ्यांदेखत, नातीला तेच शिकवलं. आधी उशी, मग चेंडू. दुसऱ्या दिवशी चेंडू तिच्या हातात मांजरासारखा बसायला लागला.

निवडीला मी मुद्दाम बापूंच्या शेजारी बसले. पहिलाच फटका सणसणीत आला. पोरीनं अलगद झेलला, हात पार खांद्यामागे नेले आणि शिट्टी वाजली. गोल! ती गोलच्या रेघेवरच उभी होती. चेंडू हातांसकट आत गेला.

"घ्या तुमचे मऊ हात," बापू हसले. लेक चुकल्यावर हसणारा बाप पहिल्यांदाच पाहिला.

चूक माझी. विटा झेलताना मागे रेघ नसते. पण तुम्हाला रेघ ठाऊक होती ना, मास्तर? मग दोन दिवस गुळणी धरून का बसलात?

"पुढे हो" म्हणून ओरडायला मी उठले, तोवर पोरगी आपणहून दोन पावलं पुढे सरकलेली. ना बापाकडे पाहिलं, ना माझ्याकडे. पुढचे पाचही फटके झेलले.

निवड करणाऱ्या बाईंनी विचारलं, "कुणी शिकवलं गं?"

बापूंनी छाती फुगवली. मीही घसा साफ केला.

"बाबा म्हणतात ताठ, आजी म्हणते मागे. पुढे मीच सरकले."

बाईंनी हसून नाव लिहून घेतलं. बापूंचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. माझं कसं झालं होतं ते विचारायची कुणाची हिंमत नाही.