आण्णांनी काढलेला तिरका फोटो

मी फोटो बोलतोय. कागलच्या एका घरातला, भिंतीवरचा, काचेमागचा. माझ्यासमोर उभं राहिलेलं माणूस आधी मान कलती करतं, मग माझ्याकडे संशयानं बघतं आणि शेवटी माझी चौकट नीट करायला हात पुढे करतं. तो हात जरा थांबवा. आधी माझी गोष्ट ऐका, मग काय ते ठरवा.

माझा जन्म पन्हाळ्याच्या पुढे मसाईच्या पठारावर झाला. पाऊस ओसरला होता, गवतात बारीक पिवळी-जांभळी फुलं आली होती आणि मधल्या छोट्या तळ्यात ढग उतरले होते. मला जन्म दिला आण्णांनी. आण्णा म्हणजे बाळासो कांबळे, एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर. गगनबावड्याचा घाट, आंबा घाट, आंबोली, सगळीकडे त्यांनी गाडी नेली होती. पण यातला एकही घाट त्यांनी डोळे भरून बघितला नव्हता. ड्रायव्हरनं डोंगर बघत बसायचं म्हटलं तर गाडीतल्या माणसांनी कुणाकडे बघायचं?

निवृत्तीनंतर त्यांचं बिनसलं होतं. एकच पेपर सकाळपासून तिसऱ्यांदा वाचायचा, अंबूबाईंच्या आमटीत मीठ किती घालावं ते सांगायचं, आणि कुणी काही बोललं की "माझं काय काम ऱ्हायलंय आता" म्हणून भिंतीकडे तोंड करून पडायचं. दाढीसुद्धा आठवड्यानं करायचे. अंबूबाई कावल्या होत्या. शेवटी त्यांची मुलगी क्रांती एका रविवारी दोघांना गाडीत घालून पठारावर घेऊन आली.

ही क्रांती कोल्हापुरात सम्राट नावाच्या फोटोग्राफरच्या स्टुडिओत काम करते. लग्नांच्या फोटोंची डागडुजी हे तिचं काम. नवरदेवाला गोरं करायचं, वरमाईची हनुवटी कमी करायची, मागं जांभई देणारे मामा गायब करायचे. माणसांची एक गंमत मला कळलेली नाही. फोटो काढून घ्यायला मारे आवडतं, आणि आत स्वतःच दिसायला लागले की लगेच तक्रार.

तर त्या दिवशी क्रांतीनं आपला कॅमेरा आण्णांच्या हातात दिला.

"काढा की आण्णा एक."

"मला काय कळतंय त्यातलं," असं म्हणत आण्णांनी कॅमेरा घेतला आणि समोर बघत राहिले. मग म्हणाले, "जलमभर मागची लोकं खिडकीतनं आहाहा करत ऱ्हायली आन् मी आपला म्होरचा ट्रक बघत ऱ्हायलो. आज माझी पाळी. अंबू, तळ्याम्होरं हुबी ऱ्हा."

"माझं तोंड कशाला? डोंगार काढा की," म्हणून अंबूबाई पदर सावरत बाजूला पळाल्या. आण्णा गाडी मागं घेताना आरशात बघायला जसे उजवीकडे झुकायचे, तसेच झुकले आणि त्यांनी बटण दाबलं. अंगात मुरलेली सवय ती, निवृत्त थोडीच होते?

मी जन्मलो तो असा. क्षितिज सगळं डावीकडे उतरलेलं, तळ्यातलं पाणी आत्ता सांडेल की मग असं. आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात अंबूबाई, निम्म्याच, पदर उडालेला, खळखळून हसणाऱ्या. एरवी ही बाई फोटोत आधार कार्डासारखी उभी राहते. तिचं हसू एकाच फोटोत सापडलं, ते माझ्यात. याचा मला गर्व आहे, आणि तो मी लपवत नाही.

त्यानंतर आण्णांनी मला मोबाईलवर घेतलं आणि गावभर फिरवलं. न्हाव्याच्या दुकानात, दूध डेअरीत, एस.टी. स्टँडवर जुन्या दोस्तांत. दाढी रोज व्हायला लागली. आमटीतलं मीठ अंबूबाईंच्या हवाली झालं. सगळे मला मान कलती करून बघायचे, पण "लई भारी" म्हणायचे. ड्रायव्हरला वाकडं कोण बोलणार?

मग कोल्हापुरातल्या फोटोग्राफर मंडळींचं प्रदर्शन ठरलं. क्रांतीनं सम्राटला सांगितलं की एक फोटो आण्णांच्या नावानं लागला पाहिजे. सम्राटनं मला पडद्यावर मोठा करून बघितलं.

"रंग भारी, ढग भारी. पण क्षितिज बघ की. पाणी सांडाय लागलंय. सरळ कर आन् लाव, माझं काय न्हाय."

क्रांतीनं मला फिरवलं. खरं सांगू? सरळ झाल्यावर मी देखणा दिसत होतो. तळं शांत, डोंगर जाग्यावर, कुठल्याही कॅलेंडरवर शोभावं असं रूप. पण फोटो फिरवला की त्याचे कोपरे कापावे लागतात, आणि माझ्या डाव्या कोपऱ्याबरोबर अंबूबाई गेल्या. त्यांचं नुसतं कोपर राहिलं. क्रांतीनं मला परत तिरकं केलं, परत सरळ केलं, परत तिरकं. मला चक्कर यायची बाकी होती. तिची अडचण मला कळत होती. तिरका लावला तर सगळं कोल्हापूर आण्णांना हसणार. सरळ लावला तर आण्णांना कळणार की पोरीनंच आपलं चुकलं म्हणून दुरुस्त केलं. मोठ्या मुश्किलीनं माणूस उठून बसला होता, तो पुन्हा भिंतीकडे तोंड करायचा.

शेवटी तिनं सरळच ठेवलं. आण्णांना कळणारसुद्धा नाही, असं तिनं मनाशी ठरवलं. आणि दुपारी आण्णाच दारात हजर. आपला फोटो छापताना बघायचा होता त्यांना. त्यांनी चष्मा पुसला आणि पडद्याजवळ वाकून मला नीट बघितलं.

"झ्याक हाय की. कुणी काढलाय?"

क्रांतीनं माऊसवरचा हात काढला. "तुम्हीच की, आण्णा."

"मी? मग अंबू कुठं गेली?"

तिला सांगावंच लागलं. क्षितिज तिरकं होतं, सरळ करताना कोपरा गेला. आण्णा रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पहिला फोटो मागितला, बराच वेळ बघितला आणि चष्मा खिशात ठेवला.

"मला त्या वक्ताला सरळच दिसत हुतं. ऱ्हाऊ दे मग. तितं लोकांचं चांगलं चांगलं फोटो असत्यात, त्यात माझं नगं."

ते जिन्याकडे वळले तेव्हा क्रांतीनं ठरवलं. माझं सरळ रूप तिनं पुसून टाकलं, पुन्हा मागता येणार नाही असं. "ऱ्हाऊ दे कसं? लावायचा म्हंजे लावायचा, हाय तसा."

"लोकं हसतील की, क्रांती," सम्राट म्हणाला.

"हसू देत. आईबी हसायलीच हाय की त्यात."

आण्णा जिन्यातून परत आले.

प्रदर्शनात माझी जागा मधोमध होती. सकाळी पहिले पाहुणे आले, त्यांनी मान कलती केली, जिभेनं चुकचुक केलं आणि सरळ माझी चौकटच हलवली. डावी बाजू वर उचलली. फोटो वाकडा टांगलाय असं वाटलं बिचाऱ्यांना. आणि काय सांगू, चौकट तिरकी झाली, पण तळं थांबलं. डोंगर जाग्यावर बसले, आणि कोपऱ्यात अंबूबाई होत्या तशा हसत राहिल्या.

आण्णा शेजारीच उभे होते. त्यांचे डोळे चमकले.

"आरं, हे बेस झालं की. गाडी कलंडली तर डोंगार सरळ करत न्हाईत, गाडी सरळ करत्यात."

सम्राटनं येऊन चौकट सरळ केली. तो वळला की आण्णांनी ती पुन्हा कलती केली. दुपारपर्यंत दोघांचा हाच उद्योग. प्रदर्शन बघायला आलेली माणसं माझ्यापेक्षा त्यांनाच बघत होती. शेवटी सम्राटनं हात जोडले, हसला, आणि खिळ्यावरची दोरी स्वतःच्या हातानं तिरकी बसवून दिली. संध्याकाळी जो तो विचारायचा, हा फोटो कुणाचा. आण्णा एस.टी.चा बिल्ला दाखवावा तसे छाती काढून सांगायचे, "माझा."

आता मी कागलच्या घरी आहे, बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी. अंबूबाईंना ते पटलेलं नव्हतं. "बाबासाहेबांच्या शेजारी कुणी असं वाकडं ऱ्हातंय व्हय? लोकं म्हणतील घर पडाय लागलंय." रोज सकाळी त्या दोन्ही चौकटी पुसायच्या आणि मला सरळ करायच्या. आण्णा अंघोळ करून आले की मला कलतं करायचे. एकमेकांना कुणी एक शब्द बोलायचं नाही. संसार असाच चालतो म्हणे.

परवा आण्णा आजऱ्याला एका जुन्या कंडक्टरच्या घरच्या लग्नाला मुक्कामी गेले. सकाळी अंबूबाईंनी मला पुसलं, सरळ केलं आणि चुलीकडे गेल्या. काहीतरी विसरल्या असतील असं मला वाटलं, कारण त्या लगबगीनं परत आल्या. माझ्यासमोर उभ्या राहिल्या. तळ्याकडे बघितलं, कोपऱ्यातल्या आपल्या हसण्याकडे बघितलं. मग इकडेतिकडे बघून एका बोटानं माझी डावी बाजू वर उचलली, अगदी आण्णा ठेवतात तेवढीच.

"सांडाय लागलं हुतं," त्या मला म्हणाल्या आणि गेल्या.

तेव्हा पावणं, आलाच आहात तर बसा. चहा घ्या, आण्णांकडून घाटातल्या गोष्टी ऐका. माझ्या चौकटीला मात्र हात लावू नका. आणि लावलात तरी फार बिघडत नाही म्हणा. तुम्ही उंबरा ओलांडलात की मी पुन्हा तिरका होणार. आण्णा घरात असोत, नसोत.