शेजारच्या ठाणावरचा श्वास

साहेब, त्या संध्याकाळी काळ्या घोडीच्या नाकाशी फोन धरणारा हात पागेतल्या मोतद्दाराचा होता. तो धरायला लावलात तुम्ही. बाकीचं नंतर बोलू, आधी एवढं कबूल करा.

फोनच्या दुसऱ्या टोकाला, पेट्रोल पंपावर, घोड्यांचा ट्रक उभा होता. तुमच्या संघाची घोडेस्वार ट्रकच्या मागच्या फळीवर बसून बुटांचा चिखल खरवडत होती. एक स्पर्धा आटोपली होती, पुढचं मैदान अजून लांब होतं. आत तिचा नवा घोडा जाळीतलं गवत ओढत होता. पंपापाशी रस्त्याला फाटा फुटत होता. एक रस्ता मैदानाकडे जात होता, दुसरा मागे, पागेकडे.

"काका, फोन द्या त्याला," ती मोतद्दाराला म्हणाली.

हे रोजचंच होतं. पागेत तिचा जुना घोडा होता. ऐन उमेदीची सगळी वर्षं तिला अडथळ्यांवरून पार नेऊन तो आता गुडघ्यांनी थकला होता. सगळे त्याला म्हाताराच म्हणत. ती कुठेही असली तरी संध्याकाळी फोन करी आणि जीभ टाळ्याला लावून टक् टक् वाजवी. म्हातारा आधी श्वास रोखून धरी. ऐकत राही. मग सगळी छाती रिकामी करत सावकाश फुंकर सोडी. त्यावर दोघांची रात्र नीट जाई.

ट्रकच्या ड्रायव्हरला याची भारी गंमत वाटे.

"आमच्या हिने लग्नाआधीसुद्धा मला एवढे फोन केले नाहीत," तो म्हणाला.

"गवत खाऊन बघा. करतील."

हसत हसतच तिने जीभ वाजवली. तिकडून लगेच फुर्रर आलं. पाठोपाठ आणखी एक, आणि मग फोनवर ओठ घासल्याचा आवाज. गाजराच्या आशेने कुणाच्याही हातावर तुटून पडणारा हावरा श्वास. शेजारच्या ठाणावरची काळी.

बुटावरचा तिचा हात थांबला.

"काका?"

"हं. ऐकलंस ना? मजेत आहे." मोतद्दाराने घसा खाकरला. "तू घोड्याकडे लक्ष दे, पोरी. इकडची काळजी करायची नाही. जेवलीस का?"

हा आवाज तिच्या ओळखीचा होता. त्याची बायको गेली, त्या दिवशीही तो येईल त्याला असंच जेवलात का म्हणून विचारत फिरला होता.

ती फाट्याकडे बघत राहिली.

"त्याच्या कपाळावरून हात फिरवा," ती शेवटी म्हणाली. "माझ्या नावाने."

"फिरवतो."

फोन खिशात गेला. ड्रायव्हरने तिचं तोंड बघितलं आणि त्याचं हसू विरलं.

"काही झालंय का? परत फिरवू गाडी?"

"आता कशाला?" ती म्हणाली. "चला पुढे."

त्यानंतरही रोज संध्याकाळी तिने फोन केला. रोज जीभ वाजवली. काळी रोज फुंकली. "शहाणा माझा," ती म्हणे आणि मोतद्दाराच्या आधी फोन ठेवी.

स्पर्धेत तिच्या घोड्याने अडथळ्याची एकही दांडी पाडली नाही. संघाला पदक मिळालं. फोटोत तुम्ही तिच्या खांद्यावर हात ठेवलात. ती हसेना, तेव्हा फोटोवाल्याला म्हणालात, "दमलीय बिचारी."

ती पागेत पोचली तेव्हा म्हाताऱ्याचं ठाण धुऊन ठेवलेलं होतं. खाली पेंढा नव्हता. मोतद्दार दारात खरारा धरून उभा होता.

"पोरी, मी तुला..."

"मला कळलं होतं, काका. पंपावरच. काळी लगेच फुंकते. तो थांबायचा."

मोतद्दार पालथ्या बादलीवर बसला.

"मग आली का नाहीस?"

"तो गेलेला. येऊन काय करणार होते? आणि तुम्हाला खोटं कसं पाडणार होते, माझ्यासाठी एवढं खोटं बोलून दमलेल्या माणसाला?"

तो खरारा उलटसुलट करत राहिला. त्यात म्हाताऱ्याचे पांढरे केस अजून अडकलेले होते.

"गेला नव्हता गं," तो म्हणाला.

पलीकडे काळीने पाय आपटला.

"पोटात कळा येत होत्या. आडवा पडून कण्हत होता. त्याच्याशी फोन धरला असता तर तू कण्हणं ऐकलं असतंस. म्हणून काळीकडे गेलो. पुढे दोन दिवस होता तो. इंजेक्शनाने उतार पडायचा, पुन्हा कळ यायची. फाटकात गाडी वाजली की मान उचलायचा. चाऱ्याची गाडी असली तरी."

"मला सांगितलं का नाही?"

"साहेब म्हणाले, ती स्पर्धा सोडून येईल, संघ बाद होईल. मी म्हटलं, तिचा रोज फोन येतो. तर म्हणाले, मग दुसरा कुठला तरी धर. घोडे काय, सगळे सारखेच फुरफुरतात. नाहीतर उद्यापासून पागेत पाय ठेवू नकोस." त्याने मान वर केली नाही. "या वयात मी कुठे जाऊ, पोरी?"

तिने त्याच्या हातातला खरारा घेतला, खिळ्याला अडकवला. मग काळीच्या ठाणापाशी गेली. काळीने तिच्या तळव्यात नाक खुपसलं आणि लगेच फुर्रर केलं. तिने जीभ वाजवली नाही. नुसती उभी राहिली, तळवा तसाच धरून.

साहेब, म्हाताऱ्याचं पोट दुखलं त्याचा दोष कुणी तुम्हाला देत नाही. डॉक्टरांनी हात टेकले होते. पण पंपावरून ट्रक मागे वळला असता तर दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता फाटकात खरी गाडी वाजली असती. ते दोन दिवस त्याचे होते आणि तिचे होते. तुम्ही ते कुणाला विचारून घेतलेत? मोतद्दाराला पुढे करू नका, पदक दाखवू नका. त्या धुतलेल्या ठाणासमोर येऊन उभे राहा आणि उत्तर द्या.